वाचकांचे प्रश्न: हातानं बनवलेले माइक

या वेळी आलेल्या प्रश्नांत घरी माइक बनवणाऱ्यांचे प्रश्न सर्वाधिक आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत. तक्रारी वेगवेगळ्या दिसल्या तरी बहुतेकांचं मूळ दोनच ठिकाणी सापडतं: माइकला वीज कुठून आणि किती मिळते, आणि त्याचा सिग्नल पुढच्या यंत्राच्या इनपुटशी जुळतो की नाही. त्यामुळे उत्तरांत आकडे बरेच आहेत. ते गाळून हे काम समजावता येत नाही.

प्रश्न: पहिलाच माइक बनवतो आहे. इलेक्ट्रेट कॅप्सूल (माइकचा आवाज टिपणारा डबीसारखा छोटा भाग) आणली. मागे दोन टिकल्या आहेत, त्यातली अर्थ (ग्राउंड) कोणती? सोल्डरिंग करताना कॅप्सूल खराब होते असंही ऐकलं. क्रमवार सांगाल का?

कॅप्सूल उलटी करून भिंगातून बघा. एका टिकलीपासून कडेच्या धातूच्या पत्र्यापर्यंत तांब्याच्या दोन-तीन बारीक रेषा गेलेल्या दिसतात. ती अर्थ. दुसरी टिकली चारही बाजूंनी एकटी असते, ती सिग्नलची. वीजही तिथूनच आत जाते. रेषा दिसत नसतील तर मल्टिमीटर बझरवर ठेवून एक काडी पत्र्याला आणि दुसरी आळीपाळीनं दोन्ही टिकल्यांना लावा. जिथे बझर वाजेल ती अर्थ.

इलेक्ट्रेटच्या पडद्यावरचा विद्युतभार कायमचा असतो. बेल लॅब्जमध्ये गेऱ्हार्ड सेस्लर आणि जेम्स वेस्ट यांनी १९६२ साली हाच प्रकार व्यवहारात आणला. पण आत एक छोटा फेट (फील्ड इफेक्ट) ट्रान्झिस्टर बसवलेला असतो आणि त्याला वीज लागते. म्हणून ही कॅप्सूल नुसती जोडून चालत नाही.

सोल्डरिंगची धास्ती रास्त आहे. जास्त उष्णता लागली की पडद्यावरचा भार गळतो आणि आतली प्लास्टिकची कडी वाकते. असा माइक पूर्ण मरत नाही. आवाज येतो पण क्षीण येतो, आणि दोष कुठे आहे ते शोधण्यात वेळ जातो. अ‍ॅल्युमिनियमच्या जाड पट्टीला कॅप्सूलच्या व्यासाचं भोक पाडा आणि कॅप्सूल त्यात तोंड खाली करून घट्ट बसवा. उष्णता पट्टी ओढून घेते. तोंडावर आधी कागदी चिकटपट्टी लावली तर फ्लक्सचे शिंतोडे आत जात नाहीत. तारांची टोकं आधीच कथिल देऊन तयार ठेवा. टिकलीवर बहुधा कारखान्यातलं सोल्डर असतंच. बारीक टोकाची सोल्डरिंगची इस्त्री ३२० ते ३५० अंशांवर ठेवून तार टिकलीवर दाबा आणि सेकंदभरात उचला. डाग नीट बसला नाही तर लगेच दुसऱ्यांदा टेकवू नका, अर्धा मिनिट थांबा. मंद इस्त्री वापरणं सुरक्षित वाटतं, पण तसं नाही. सोल्डर वितळायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ कॅप्सूल भाजत राहते. काम झाल्यावर फ्लक्स धुवायला द्रावण वापरू नका, ते भोकांतून आत शिरतं.

केबल शिल्ड असलेलीच घ्या. शिल्डची जाळी अर्थच्या टिकलीला, आतली तार सिग्नलच्या. दुसऱ्या टोकाला ३.५ मिलिमीटरचा स्टिरिओ जॅक: टोक डावा चॅनल, मधलं कडं उजवा, मागचा लांब भाग अर्थ. कॅप्सूल एकच असेल तर टोक आणि मधलं कडं एकत्र जोडा. रेकॉर्डरच्या मेनूत ‘प्लग-इन पॉवर’ (जॅकमधूनच माइकला वीज देण्याची सोय) सुरू करा. मोकळ्या जॅकच्या टोकावर आणि अर्थवर साधारण २ ते ३ व्होल्ट दिसले पाहिजेत, काही यंत्रांत ५ पर्यंत. कॅप्सूल जोडल्यावर हा आकडा थोडा उतरतो, म्हणजे ती वीज घेते आहे. अजिबात उतरला नाही तर तार तुटलेली आहे किंवा डाग कच्चा आहे. शून्यावर गेला तर कुठेतरी शॉर्ट आहे, बहुतेक वेळा जाळीचा एखादा केस सिग्नलच्या टिकलीला लागलेला असतो.

रेकॉर्डरमध्ये प्लग-इन पॉवर नसेल तर छोटी पेटी करा. ९ व्होल्टची बॅटरी, तिच्या धन टोकापासून ४.७ किलोओहमचा रेझिस्टर कॅप्सूलच्या सिग्नल टिकलीपर्यंत, त्याच टिकलीवरून १० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा कपॅसिटर बाहेरच्या जॅककडे. कपॅसिटरचं धन टोक कॅप्सूलच्या बाजूला. बाहेरच्या जॅकवर सिग्नल आणि अर्थ यांच्यात १०० किलोओहम लावा, नाहीतर केबल खोचताना जोरात ‘धप्प’ होतं. कॅप्सूल अंदाजे ०.३ मिलिअँपिअर घेते, म्हणजे रेझिस्टरवर दीड व्होल्टच्या आसपास पडतात आणि कॅप्सूलवर साडेसात उरतात. अल्कलाइन बॅटरी दोन कॅप्सूलवर महिनाभर अखंड चालू शकते. कपॅसिटरच्या बाबतीत कंजुषी नको. ०.१ मायक्रोफॅरडचा लावला आणि पुढचं इनपुट १० किलोओहमचं असलं, तर सुमारे १६० हर्ट्झच्या खालचा सगळा खर्ज गळतो. पेटी वापरताना रेकॉर्डरची स्वतःची प्लग-इन पॉवर बंद ठेवा.

प्रश्न: रात्री शांत जागी ध्वनिमुद्रण करतो तेव्हा ‘सूं’ असा आवाज सतत येतो. केबल बदलली, शिल्ड दुहेरी केलं, गेन (सिग्नल किती पट वाढवायचा ती पातळी) वाढवून पाहिला. फरक नाही.

फरक पडणारच नाही, कारण हा आवाज बाहेरून येत नाही. तो कॅप्सूलचाच आहे. शिल्ड बाहेरचा घूं अडवतं, आतला सूं नाही. आणि गेन वाढवला की हवा असलेला आवाज आणि सूं दोन्ही सारखेच वाढतात.

कॅप्सूलच्या माहितीपत्रकात सिग्नल आणि नॉइजचं गुणोत्तर डेसिबलमध्ये दिलेलं असतं. हे मोजमाप ९४ डेसिबलच्या आवाजावर केलेलं असतं, म्हणून ते ९४ मधून वजा करा. उरलं ते कॅप्सूलचं स्वतःचं नॉइज. सर्वसाधारण स्वस्त कॅप्सूलचं गुणोत्तर ५८ ते ६० असतं, म्हणजे नॉइज ३४ ते ३६ डेसिबल. शांत रात्रीचा आवाज याच्या बराच खाली असतो, तो त्यात बुडणारच. पॅनासोनिकची डब्ल्यूएम-६१ए ही जुनी लोकप्रिय कॅप्सूल ६२ ची होती, म्हणजे ३२ डेसिबल. तिचं उत्पादन केव्हाच थांबलं आहे आणि त्या नावानं आज जे विकलं जातं त्यावर विश्वास ठेवू नका. प्रिमो कंपनीची ईएम२७२ ही १० मिलिमीटर व्यासाची कॅप्सूल ८० ची आहे. नॉइज १४ डेसिबल! निसर्गाचे आवाज टिपणारे हिच्यामागे का लागतात ते या एका आकड्यात कळतं. बोलणं मुद्रित करायचं असेल तर एवढ्याची गरज नाही. हातभर अंतरावरचा माणूस ६५ डेसिबलच्या आसपास बोलतो, तिथे स्वस्त कॅप्सूलही पुरते.

हातात चार साध्या कॅप्सूल असतील तर त्या समांतर जोडून एकत्र वापरता येतात. सिग्नल एकाच वेळी येत असल्यानं सरळ बेरीज होते. नॉइज प्रत्येकीचं वेगळं, म्हणून त्याची बेरीज कमी होते. दोन कॅप्सूलनी ३ डेसिबल फायदा, चारांनी ६. मात्र चौघींचा मिळून प्रवाह चौपट होतो, म्हणून ४.७ च्या जागी १ ते १.२ किलोओहमचा रेझिस्टर लावा. तसं न केल्यास वीज रेझिस्टरमध्येच संपते आणि आवाज फाटतो. कॅप्सूल एकमेकींना चिकटून ठेवा. अंतर वाढलं की बाजूनं येणारा तार (उंच) स्वर एकीवर आधी आणि दुसरीवर नंतर पोचून कापला जातो.

चांगली कॅप्सूल घेतल्यावरही सूं उरला तर मग रेकॉर्डरच्या प्रीअँपकडे (माइकचा सिग्नल वाढवणाऱ्या आतल्या सर्किटकडे) बघा. त्याआधी नाही.

प्रश्न: हाच माइक फोनला लावला तर फोन त्याच्याकडे दुर्लक्ष करतो आणि स्वतःचाच माइक वापरतो.

फोनचा जॅक चार भागांचा असतो: टोक डावा, पहिलं कडं उजवा, दुसरं कडं अर्थ, सगळ्यात मागचा भाग माइक. तुमचा तीन भागांचा जॅक आत गेला की माइकची जागा थेट अर्थला टेकते आणि फोनला वाटतं, हा नुसता हेडफोन आहे. चार भागांचा जॅक लावून सिग्नल शेवटच्या भागाला द्या. फोन त्या टोकावरचा रोध मोजून ठरवतो. किलोओहमच्या वर असेल तर माइक, काहीशे ओहम असेल तर हेडसेटचं बटण. म्हणून चार कॅप्सूल समांतर जोडलेला माइक फोनवर कधीकधी आवाज कमी-जास्त करू लागतो. चुंबकीय माइकचाही रोध कमी असतो. त्याच्या मालिकेत कपॅसिटर आणि समांतर २.२ किलोओहम दिल्याशिवाय फोन त्याला ओळखत नाही.

प्रश्न: ऑडिओ इंटरफेसला (माइक संगणकाला जोडणाऱ्या यंत्राला) एक्सएलआर (तीन पिनांचं) इनपुट आहे. ३.५ मिलिमीटर ते एक्सएलआर असा साधा कनेक्टर लावून ४८ व्होल्टची फँटम पॉवर (माइकच्याच केबलमधून पाठवलेली वीज) सुरू केली. थोडा वेळ आवाज आला, मग बंद पडला.

कॅप्सूल गेली. इलेक्ट्रेट कॅप्सूलची कमाल मर्यादा साधारण १० व्होल्ट असते. फँटम पॉवर पिन २ आणि पिन ३ या दोन्हींवर ६.८ किलोओहमच्या एकेका रेझिस्टरमधून ४८ व्होल्ट देते. कॅप्सूल जेमतेम ०.३ मिलिअँपिअर ओढते, म्हणजे त्या रेझिस्टरवर फक्त दोन व्होल्ट पडतात आणि उरलेले ४६ कॅप्सूलवर येतात. नुसत्या तारा जोडणारा कनेक्टर आणि फँटमची वीज ५ व्होल्टच्या आसपास आणणारा कनेक्टर बाहेरून हुबेहूब सारखे दिसतात. विकत घेताना ‘फँटमचं प्लग-इन पॉवरमध्ये रूपांतर’ हे स्पष्ट लिहिलेलं आहे का ते बघा.

स्वतः करायचं असेल तर एक्सएलआरच्या धातूच्या नळीत मावणारं सर्किट असं. पिन २ आणि पिन ३ पासून प्रत्येकी २२ किलोओहम एका बिंदूला आणा. त्या बिंदूपासून पिन १ कडे ९.१ व्होल्टचा झेनर (व्होल्टेज ठरावीक आकड्यावर रोखणारा डायोड), पट्टीचं टोक बिंदूकडे. झेनरला समांतर ४७ मायक्रोफॅरड, २५ व्होल्ट. हा कपॅसिटर वगळू नका, झेनरचा खरखराट तोच दाबतो. बिंदूपासून २.२ किलोओहम कॅप्सूलच्या सिग्नल टिकलीला, कॅप्सूलची अर्थ पिन १ ला. सिग्नल टिकलीवरून १० मायक्रोफॅरड, ६३ व्होल्टचा कपॅसिटर पिन २ ला. याचं धन टोक मात्र पिन २ कडे, कारण जास्त व्होल्टेज तिकडे आहे. बॅटरीच्या पेटीत ते उलट होतं, गोंधळ इथेच होतो. शेवटी पिन ३ पासून तसाच १० मायक्रोफॅरड आणि मालिकेत २.२ किलोओहम पिन १ ला. या शेवटच्या जोडीतून आवाज जात नाही, पण दोन्ही पिनांचा रोध सारखा झाल्यानं लांब केबलवर गोळा झालेला घूं इंटरफेसमध्ये वजा होतो.

कॅप्सूलच्या दोन टिकल्यांवर १० व्होल्टचा आणखी एक झेनर आडवा लावा. फँटम सुरू होताना १० मायक्रोफॅरडमधून एक झटका कॅप्सूलकडे येतो, तो हा झेनर गिळतो. आधी केबल जोडायची, गेन शून्यावर, मग फँटम सुरू, दहा सेकंद थांबून गेन वर. या सर्किटमध्ये पातळी काही डेसिबल घसरते. इलेक्ट्रेटची संवेदनशीलता मुळात जास्त असल्यानं ते चालून जातं.

प्रश्न: पितळी पिझो चकती (कंपनांची वीज करणारी) तंतुवाद्याच्या पोटाला चिकटवून रेकॉर्ड करतो. आवाज डब्यातून आल्यासारखा, खर्ज मुळीच नाही. चकतीच वाईट असते का?

चकती निर्दोष आहे, इनपुट चुकीचं आहे. पिझो चकती विजेच्या भाषेत एक कपॅसिटर असते. २७ मिलिमीटरच्या चकतीची धारकता साधारण २० नॅनोफॅरड. पुढच्या इनपुटच्या रोधाबरोबर तिचा खर्ज कापणारा फिल्टर आपोआप तयार होतो. हिशेब बघा: माइकचं इनपुट २ किलोओहमचं असेल तर ४,००० हर्ट्झच्या खालचं सगळं उतरत जातं. १० किलोओहमच्या लाइन इनपुटवर ८०० हर्ट्झ. १ मेगाओहमवर फक्त ८ हर्ट्झ. इंटरफेसवर गिटारसाठीचं ‘इन्स्ट्रुमेंट’ किंवा ‘हाय-झी’ इनपुट असतं, ते साधारण १ मेगाओहमचं असतं. चकती तिथे लावा आणि तोच तुकडा पुन्हा वाजवून ऐका. आवाज ओळखू येणार नाही इतका भरीव होतो.

तसं इनपुट नसेल तर एका फेटचा बफर (चकतीला मोठ्या रोधाचं इनपुट देणारं छोटं सर्किट) पुरतो. ९ व्होल्टच्या बॅटरीवर दोन १०० किलोओहम मालिकेत लावून मधल्या बिंदूवर ४.५ व्होल्ट मिळवा, त्या बिंदूपासून अर्थला १० मायक्रोफॅरड. मधल्या बिंदूपासून ४.७ मेगाओहम फेटच्या गेटला (गेट, ड्रेन आणि सोर्स हे फेटचे तीन पाय). चकतीचा सिग्नल १०० नॅनोफॅरडच्या फिल्म कपॅसिटरमधून त्याच गेटला. ड्रेन थेट ९ व्होल्टला, सोर्सपासून अर्थला १० किलोओहम, सोर्सवरूनच १० मायक्रोफॅरडमधून सिग्नल बाहेर. फेट २एन५४५७ किंवा त्याच गुणांचा. सोर्सवर ५ ते ७ व्होल्ट दिसले म्हणजे जमलं. बफर चकतीपासून वीतभर अंतरातच ठेवा, कारण चकती ते बफर ही तार घूं गोळा करणारा अँटेनाच असते.

तारा जोडताना पितळी कडेला आधी पॉलिशपेपर मारा, तिथे डाग सहज बसतो. नाजूक भाग मधला पांढुरका सिरॅमिकचा. त्यावर चांदीचा इतका पातळ मुलामा असतो की इस्त्री दोन सेकंदांपेक्षा जास्त टेकली तर तो सोल्डरमध्ये विरघळतो आणि खाली राखाडी डाग उघडा पडतो. त्या जागी पुन्हा सोल्डर धरत नाही. डाग मध्यावर न देता कडेच्या जवळ द्या आणि बारीक, मऊ तार वापरा. जाड तार ओढली गेली की मुलाम्यासकट उखडते.

चकतीची सिरॅमिकची बाजू उघडी असेल तर ती हात जवळ नेताच घूं करते. त्यावर पातळ चिकटपट्टी आणि त्यावर पितळी कडेला जोडलेली तांब्याची चिकटपट्टी लावा. त्याहून चांगला उपाय म्हणजे दोन चकत्या सिरॅमिक आत ठेवून समोरासमोर चिकटवायच्या: आतली दोन्ही सिरॅमिक मिळून सिग्नल, बाहेरची दोन्ही पितळं अर्थ. शिल्ड आयतं मिळतं.

वाद्याला लावताना जाड फोमची दुहेरी चिकटपट्टी वापरू नका, ती कंपन खाते. पातळ दुहेरी चिकटपट्टी किंवा मधमाशीचं मेण उत्तम, मेण नंतर लाकडाला इजा न करता निघतं. मोकळ्या चकतीचा स्वतःचा ठणका ४ किलोहर्ट्झच्या आसपास असतो. पाठीवर वाटाण्याएवढी पुटी दाबली की तो बराच शमतो. जागा शोधायला मात्र घाई नको. घोडीजवळ आवाज टणक येतो, पोटाच्या मध्याकडे गोल होत जातो. दोन बोटं सरकवलं तरी वेगळं वाद्य ऐकू येतं.

प्रश्न: त्याच चकतीचा पाण्याखालचा माइक केला. पहिल्या दिवशी छान चालला, दुसऱ्या दिवशी आवाज मंद आणि खरखरीत.

पाणी आत शिरलं, आणि बहुतेक केबलच्या वाटेनं. चकतीवरचा इपॉक्सी सहसा शाबूत असतो. केबलचं पीव्हीसी आवरण इपॉक्सीला नीट धरत नाही, तिथे केसाएवढी फट राहते. ओलावा तिथून जाळीच्या तारांमध्ये शिरतो आणि चढत जातो. केबलचा शेवटचा अडीच सेंटिमीटर भाग पॉलिशपेपरनं खरखरीत करा. आवरण सोलून जाळी उकला, तारा सुट्या पसरा, म्हणजे इपॉक्सी प्रत्येक तारेभोवती भरेल. पॉलियुरेथेन आवरणाची केबल मिळाली तर जास्त चांगली. इपॉक्सी सावकाश सुकणारा घ्या. पाच मिनिटांत सुकणाऱ्यात बुडबुडे अडकतात आणि तो पाण्यात कालांतरानं मऊ पडतो. थर दोन-तीन मिलिमीटरच ठेवा.

मुद्रणाला नेण्याआधी माइक एक दिवस बादलीत बुडवून ठेवा. मग केबलच्या टोकावर मल्टिमीटरनं रोध बघा. मीटरची सर्वात वरची पायरीही ‘उघडं’ दाखवत असेल तर ठीक. काही मेगाओहम दिसले तर ओलावा आहे, आणि खर्ज तुमच्यादेखत जाणार आहे.

दोन माइक वापरून स्टिरिओ करायचा असेल तर लक्षात ठेवा, पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून अधिक वेगानं, सुमारे १,४८० मीटर प्रतिसेकंद जातो. दोन कानांइतक्या अंतरावर ठेवून डावं-उजवं कळत नाही, निदान ८० सेंटिमीटर हवेत.

प्रश्न: जुन्या स्पीकरचा माइक होतो का?

होतो. स्पीकर आणि चुंबकीय माइक यांची रचना एकच. साडेसहा इंची स्पीकर मोठ्या ढोलासमोर वीतभर अंतरावर धरला तर पोटातला धक्का फार छान टिपतो. जड पडदा वरचे स्वर हलूच देत नाही, म्हणून त्याला साध्या माइकची जोड हवी. धन टोक पिन २ ला, ऋण टोक पिन ३ ला, पिन १ फक्त जाळीला. पिन ३ अर्थला जोडून फँटम सुरू केली तर प्रवाह थेट कॉइलमधून वाहतो आणि पडदा एका बाजूला ओढला जातो. सिग्नल जोरदार येतो, २० डेसिबलचा पॅड (सिग्नल कमी करणारी जोडणी) लागेलच.

प्रश्न: स्वयंपाकघरातल्या फॉइलनं रिबन माइक (चुंबकांमध्ये टांगलेल्या धातूच्या पातळ पट्टीवर चालणारा) करता येईल?

आवाज येईल, माइक म्हणून समाधान होणार नाही. रिबनची पट्टी साधारण २ मायक्रॉन जाडीची असते, घरातली फॉइल १० ते २०. सात-आठपट जड पट्टी तेवढीच कमी हलते आणि सिग्नल १७-१८ डेसिबलनं खाली जातो. रिबनचा सिग्नल आधीच इतका क्षीण असतो की ही घसरण परवडत नाही. शिवाय पट्टीचा रोध ओहमच्या काही दशांश भागाएवढाच, त्यामुळे १:३० ते १:३७ चा ट्रान्सफॉर्मर अपरिहार्य. चुंबकं आणि पट्टी जमते, या ट्रान्सफॉर्मरवर गाडी अडते. तो हाती आल्यावरच कामाला लागा.

प्रश्न: घूं आवाज आणि मोबाइलची टिकटिक कशी घालवावी?

माइकच्या धातूला बोट लावा. घूं कमी झाला तर शिल्ड कुठेतरी सुटलेलं आहे: जाळी ते कॅप्सूलचा पत्रा ते बाहेरची नळी, तिन्ही जोड बझरवर तपासा. बोटानं फरक पडत नसेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. तेवढ्यानं थांबला तर माइकमध्ये काही बिघडलेलं नाही. मोबाइलच्या टिकटिकीसाठी ३३ पिकोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर कॅप्सूलच्या दोन टिकल्यांवरच, शक्य तितक्या आखूड पायांनी लावा. केबलच्या दुसऱ्या टोकाला लावून उपयोग नाही, तोवर फेटनं रेडिओ लहरींचं ऐकू येणाऱ्या आवाजात रूपांतर केलेलं असतं.

प्रश्न: पक्ष्यांसाठी परावर्तक तबकडी करायची आहे. कॅप्सूल नेमकी कुठे ठेवायची?

तबकडीचा व्यास आणि मधली खोली मोजा. व्यासाचा वर्ग करा, त्याला खोलीच्या सोळापटीनं भागा. व्यास ५० सेंटिमीटर, खोली १० असेल तर २,५०० भागिले १६०, म्हणजे तळापासून साडेपंधरा सेंटिमीटर. कॅप्सूलचं तोंड तबकडीकडे, पक्ष्याकडे पाठ. पहिल्यांदा करणारे हेच उलटं लावतात. मग दूरवरच्या एखाद्या तार, स्थिर आवाजाकडे रोखून, हेडफोन लावून कॅप्सूल पाच-पाच मिलिमीटर मागेपुढे करा. आवाज जिथे झळझळीत होतो तिथे घट्ट करा.

तबकडी तिच्या व्यासापेक्षा लांब ध्वनिलहरी गोळा करू शकत नाही. ५० सेंटिमीटरला ही सीमा ७०० हर्ट्झच्या जवळ पडते, तिच्या वर प्रत्येक सप्तकाला सुमारे ६ डेसिबल फायदा वाढत जातो. म्हणून २ ते ८ किलोहर्ट्झमधली शीळ दूरवरून स्वच्छ येते आणि घुबडाचा घुमा आवाज मात्र तबकडीशिवाय आल्यासारखाच राहतो. पृष्ठभाग आरशासारखा हवा असं नाही. ८ किलोहर्ट्झची लहर सव्वाचार सेंटिमीटरची असते, दोन-तीन मिलिमीटरचे उंचसखल भाग तिला जाणवत नाहीत. उलट चकचकीत तबकडी उन्हात धोक्याची, केंद्रावरची कॅप्सूल वितळते. आतून मंद रंग द्या.

प्रश्न: दोन कॅप्सूलचा स्टिरिओ करायचा आहे, उघड्यावर रात्रभर ठेवायचा. मांडणी आणि वाऱ्याचं काय?

आधी जोडी जुळवा. पाच-सहा कॅप्सूल एकामागून एक त्याच जागी धरून स्पीकरवरच्या पिंक नॉइजवर (सर्व सप्तकांत सारखा असणारा चाचणीचा ‘सूं’) पातळी मोजा. फरक एक डेसिबलच्या आत असलेल्या दोन निवडा. त्याहून जास्त असेल तर सगळं चित्र एका बाजूला कलतं.

सर्व दिशांनी ऐकणाऱ्या कॅप्सूल घ्या, दिशादर्शक नाही. दिशादर्शक कॅप्सूलला वारा आणि हाताळणीचा आवाज कितीतरी जास्त लागतो. सर्वात सोपा आधार म्हणजे झाडाचा खोड. डोक्यापेक्षा थोडा जाड खोड निवडा आणि कॅप्सूल दोन्ही बाजूंना, किंचित पुढे वळवून, सालीला जवळजवळ टेकवून बांधा. खोड दोन कानांमधल्या डोक्याचं काम करतो आणि वाऱ्याची एक बाजूही अडवतो. वेली, सुटी साल, मुंग्यांची रांग आधी बघून घ्या. मुंगी जाळीवरून चालली की रेकॉर्डिंगमध्ये कुणी कागद चुरगळतं आहे असं वाटतं.

वाऱ्यासाठी नुसता फोम पुरत नाही. कॅप्सूलभोवती फोमचा गोळा, बाहेर दोन-तीन सेंटिमीटर लांब केसांची कृत्रिम फर, आणि दोघांमध्ये बोटभर मोकळी हवा ठेवायला जाळीचा पिंजरा. फर घट्ट ओढून बसवली की ही हवा नाहीशी होते आणि संरक्षण अर्ध्यावर येतं. फरच्या मागचं कापड तोंडानं फुंकून बघा. हवा सहज आरपार गेली पाहिजे, नाहीतर तार स्वर आतच मरतात. दवानं फर भिजली की केस चिकटून चटई होते. सकाळी झटकून, वाळवून, ब्रशनं मोकळी करा. रेकॉर्डरवर ८० हर्ट्झचा खर्ज कापणारा फिल्टर मुद्रणाच्या आधीच सुरू ठेवा. वाऱ्याच्या धक्क्यानं इनपुट एकदा फाटलं की नंतर लावलेला फिल्टर ते परत आणू शकत नाही.